शून्याच्या खाली कोण जातंय?

मी फरक विकते. दौंडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर टायरच्या दुकानावर माझा क्लास आहे. पाटीवर 'फरक इंग्लिश क्लास' असं लिहिलंय. खालचे टायरवाले शेठ सांगून थकले, "मॅडम, नाव बदला. लोकांना वाटतं वर सेल लागलाय." मी नाव बदललेलं नाही. इंग्रजीतले दिसायला नाहीतर ऐकायला सारखे, पण अर्थाने एकमेकांचं तोंड न पाहणारे शब्द वेगळे करून देणं हा माझा व्यवसाय आहे. संपादक म्हणाले, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा. मी म्हटलं, अनुभव निवृत्त लोक लिहितात, मी अजून तिशीत आहे. ते म्हणाले, निवृत्त लोकांनी सगळं विसरून झालेलं असतं, तुम्ही लिहा.

माझे वडील शिरूरला छापखाना चालवतात. लग्नपत्रिका पोटासाठी आणि पत्रकं जिवासाठी. कोणत्याही संपाचं, मोर्चाचं, धरणं आंदोलनाचं पत्रक आमच्याकडे उधारीवर छापून मिळे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांच्या प्रुफांवर. पहिलीत बाईंनी 'अ कशाचा?' असं विचारलं तेव्हा मी ताठ उभी राहून 'अन्यायाचा' म्हणाले होते. अननस मी तोवर पाहिलेला नव्हता.

अशा घरातल्या मुलीने इंग्रजी स्पेलिंगचं दुकान का टाकावं, असं वडिलांचे जुने सोबती अजून विचारतात. मी त्यांना सांगते, सत्ता शब्दांत लपते हे तुमच्याच पत्रकांनी मला शिकवलं. ती हल्ली मराठीत लपत नाही, एवढंच. कुरकुंभच्या कारखान्यात माणसाला काढून टाकायचं असेल तर त्याला मराठीत कोणी शिवी देत नाही, इंग्रजीत पत्र देतात. ते वाचून माणूस 'थँक्यू सर' म्हणून बाहेर येतो. असा एक जण मी स्वतः पाहिला आणि क्लास काढला.

आता धंदा समजावून सांगते. आपण मराठी माणसं बोलतो तसं लिहितो. इंग्रजीत बोलणं आणि लिहिणं हे विभक्त झालेलं जोडपं आहे, ती दोघं फक्त कोर्टाच्या तारखेला भेटतात. त्यामुळे 'लूज' म्हणजे ढिला आणि 'लूज' म्हणजे हरवणं हे आपल्या कानाला एकच. स्पेलिंगमध्ये मात्र एकात दोन 'ओ' आहेत, दुसऱ्यात एक. मी शिकवते: एक 'ओ' हरवला की अर्थ हरवणं, दोन्ही 'ओ' मोकळे सुटले की अर्थ ढिला. 'स्टेशनरी' दोन. शेवटाकडे 'ए' असेल तर अडलेली गाडी, 'ई' असेल तर एन्व्हलप, म्हणजे कागदपत्रांचं दुकान. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' यांत 'ए' आधी येतो, 'ई' नंतर. आधी ठिणगी, मग भडका. व्याकरणवाले यावर नाक मुरडतील. मुरडू देत. त्यांच्या नाकाला कधी केमिकल कारखान्यातल्या रिअॅक्टरचा वास आलेला नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची येतात. शिरूरकडचे एक भाऊ, म्हणजे ज्यांचा वाढदिवस चौकातल्या फ्लेक्सवरून गावाला कळतो असे, त्यांनी इंग्रजी माध्यमाची शाळा काढली. फ्लेक्स छापण्याआधी शब्द तपासून घ्यायला स्वतः आले, ही त्यांची नम्रता. मी सांगितलं, "भाऊ, प्रिन्सिपल दोन आहेत. शेवटी 'ए-एल' असेल तर मुख्याध्यापक, 'एल-ई' असेल तर तत्त्व."

भाऊंनी क्षणभर विचार केला. "पयलं हाय आपल्याकडं. माझा साडूच हाय. दुसरं शाळेला लागतं का?"

"सक्ती नाही," मी म्हटलं.

"मंग र्‍हाऊ द्या."

इनामगावच्या एक काकू मुलाच्या लग्नाचा बायोडेटा घेऊन आल्या. मुलाने त्यात 'मुलगी सेन्सिटिव्ह हवी' असं लिहिलं होतं, त्याला म्हणायचं होतं सेन्सिबल. मी काकूंना समजावलं, सेन्सिबल म्हणजे समंजस आणि सेन्सिटिव्ह म्हणजे हळवी. काकूंनी दोन्ही शब्द तोंडात घोळवून पाहिले आणि विचारलं, "मॅडम, कमावती ह्यातल्या कंच्या शब्दात बसती?" मी दोन्ही शब्द खोडले आणि सरळ 'नोकरी करणारी' असं लिहून दिलं. तेवढ्यावर लग्न जमलं, असं कळलं.

पण हा लेख ज्यांच्यासाठी लिहायला बसले ती माणसं यांच्यातली नव्हेत. ती एका संध्याकाळी टायरच्या दुकानावरचा लोखंडी जिना चढून आली. पुढे पन्नाशी ओलांडलेला उंच माणूस, मागे दोन तरुण आणि एक तरुणी. चौघांच्याही हातात पिवळ्या टोप्या, म्हणजे कारखान्यातली हेल्मेटं. वर आल्यावर पुढचा माणूस खुर्चीवर बसला, मग बाकीचे बसले. तो पाणी प्यायला, मग बाकीचे प्यायले.

ते बिरूआप्पा. त्यांच्या आजोबांची मेंढरं घोडनदीच्या काठाने फिरायची. वडिलांनी मेंढरं विकून थोडी जमीन केली, ती भावांत वाटली गेली, आणि आप्पा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार म्हणून लागले. सोळा वर्षं झाली. ठेकेदार दर अकरा महिन्यांनी बदलतो, कागदावर आप्पाही नवे होतात, ते चालवतात तो पंप मात्र तोच असतो. बरोबरचे तिघं म्हणजे गणेश, सलीम आणि पॅकिंगमधली वैशाली. तिघांनाही आप्पांनीच कामाला लावलेलं. तिथे अर्ज चालत नाही. आप्पा ज्याच्या खांद्यावर हात ठेवून ठेकेदारापुढे उभे राहतात, तो आत जातो.

"मॅडम," आप्पा म्हणाले, "कंपनी तीन मान्सं कायम करनार हाय. ठेकेदारानं आमची चार नावं दिली. परीक्षा हाय म्हनं. इंग्रजीची."

ही परीक्षा कशी उपटली ते सांगायला हवं. परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस कंपनी पाहायला आला होता. एका मशीनवर लावलेली इंग्रजी सूचना वाचून त्याने हसू दाबलं. नट 'ढिला' आहे का तपासा, असं लिहायच्या जागी नट 'हरवा' असं काहीतरी झालं होतं. पाटी साहेबांनी रंगवून घेतली होती. परीक्षा लागली कामगारांना. यात कोणाला काही विचित्र वाटलं नाही. साहेबांच्या चुकीची शिक्षा खालच्या शिफ्टला, ही तिकडची जुनी व्यवस्था आहे.

परीक्षा म्हणजे पन्नास वाक्यं. प्रत्येकात गाळलेली जागा आणि दोन पर्याय, एक बरोबर, एक चूक. पास व्हायला तीस. नमुन्याचा कागद मी पाहिला. कोणीतरी इंटरनेटवरून आहे तसा उतरवला होता. त्यात 'डेझर्ट' आणि 'डिझर्ट' यांवर तीन वाक्यं होती. एक म्हणजे वाळवंट आणि दुसरं म्हणजे जेवणानंतरचं गोड. कुरकुंभच्या पंपहाऊसमध्ये या दोन्हींचा प्रसंग अजून आलेला नाही.

"कायम झाल्यावर काय मिळेल, आप्पा?" मी विचारलं. मला पत्रकात शोभेल असं उत्तर हवं होतं. ग्रॅच्युइटी, रजा, दवाखान्याचं कार्ड.

"निळी टोपी," आप्पा म्हणाले. "रिटायर व्हायला तीन-चार वर्सं र्‍हायली. एकदा निळी टोपी घालून फोटू काढायचाय. मेल्यावर भिंतीवर पिवळी नको."

"आप्पा, मरायचं आधी ठरवलंया का फोटू?" सलीम म्हणाला.

"तू गप. तुझ्या लग्नातबी माझा फोटू पिवळ्याच टोपीतला हाय."

शिकवायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं. मी प्रश्न विचारला की तिघं आप्पांकडे बघत. आप्पा उत्तर देईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. आप्पांनी चुकीचं उत्तर दिलं तर तिघं खाली बघत. मी म्हटलं, "गणेश, तुला येतंय ना? सांग की!" तो म्हणाला, "आप्पांचं झालं का?" हा त्यांच्याकडचा मान. तळावर मेंढरं होती तेव्हा वडीलधाऱ्याने घोट घेतल्याशिवाय पाण्याला कोणी हात लावायचं नाही, ही रीत. मेंढरं गेली, तळ गेला, पाणी प्लास्टिकच्या बाटलीत आलं, रीत राहिली. सलीम तर त्यांच्या समाजाचाही नव्हता, पण आप्पांच्या हाताखाली लागल्यापासून तोही तसाच.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. मी फळ्यासमोर उभं राहून भाषण केलं. ज्ञानापुढे वय नसतं, वर्गात सगळे समान, मान ही सरंजामशाहीची शेपटी आहे. चौघांनी ते मन लावून ऐकलं. संपल्यावर तिघांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, "बराबर हाय मॅडमचं." मग तिघंही म्हणाले, "बराबर हाय."

पण शिकले मात्र जीव लावून. शिफ्ट सुटल्यावर अंगाला केमिकलचा वास घेऊन थेट येत. गणेशला तर एकदा सांगितलं की पुरे. वैशाली येताना शेअर रिक्षात शब्द पाठ करी. शेजारच्या बाईने तिला एकदा विचारलं, "मंत्र म्हणतीस का गं?" ती म्हणाली, "व्हय, कायम व्हायचा." आप्पांचं तसं नव्हतं. ते रोज शिकत आणि रोज विसरत, पण विसरल्याचं दुःख करत नसत. "आलं हुतं मॅडम, आत्ता हितंच हुतं," असं म्हणून टेबलाखाली बघत, मेंढरू चुकल्यासारखं.

परीक्षा झाली. निकाल कंपनीच्या बोर्डावर लागला. दुसऱ्या संध्याकाळी आप्पा जिना चढून आले ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन. मागे तिघं.

"पयला आलो, मॅडम."

"पास झालात?" मी उडालेच.

"नापास. सव्वीस पडलं. पन पयला मीच. समद्यांत जास्ती." त्यांचा चेहरा असा फुलला होता की 'तीस लागत होते' हे वाक्य मी गिळलं. "गावात सांगितलं, इंग्रजीत पयला आलो. शाळंत असतानाबी कवा आलो न्हवतो. घ्या पेढा."

मी तिघांकडे वळले. "तुम्हाला किती?"

गणेश पेढा चघळत जमिनीकडे बघत होता. "शून्य."

"शून्य," सलीम म्हणाला.

"दोन," वैशाली म्हणाली, आणि तिला ओशाळल्यासारखं झालं.

आप्पांनी प्रेमाने तिच्या डोक्यावर टपली मारली. "लेकरं हायती. पुढल्या बारीला येतील." आणि नाइट शिफ्टला जायचं म्हणून उठून गेले.

ते जिना उतरेपर्यंत मी थांबले. मग दार लावलं. दोन पर्यायांच्या परीक्षेत डोळे मिटून खुणा केल्या तरी निम्मे बरोबर येतात. बसमध्ये झोपलेल्या माणसालाही वीस-पंचवीस पडतील. पन्नासच्या पन्नास चुकवायचे तर आधी पन्नासच्या पन्नास बरोबर यायला लागतात. माझ्या क्लासात एवढा चांगला निकाल आजवर लागलेला नव्हता.

"बोला," मी म्हटलं.

शेवटी वैशालीच फुटली. "जागा तीन, मानसं चार. आमी तिघं पास झालो तर बाहेर कोन र्‍हातं? आप्पा. ते आदी लागायला पायजे हुतं. मंग उरलेल्या दोनावर आमी बघून घेतलं आसतं."

"मग थोडे कमी पाडायचे. शून्य कशाला?"

"आप्पांना किती पडतील ठाव न्हवतं ना, मॅडम. म्हनून शून्य. शून्याच्या खाली कोन जातंय?"

"आणि तुझे दोन?"

"ते चुकले," ती कळवळून म्हणाली. "म्हंजी बराबर आले."

मी कपाळाला हात लावला. यांनी परीक्षेला रांग समजलं होतं. पुढचा माणूस पुढे गेला की मागचे आपोआप सरकतील. तीसची रेघ त्यांना दिसलीच नव्हती. किंवा दिसली, पण आप्पांना ओलांडून तिच्यापर्यंत जाणं त्यांना जमणारं नव्हतं. आता एकही जागा कोणाला मिळणार नव्हती. कंपनी पुण्याहून डिप्लोमावाली मुलं आणणार, असं बोर्डाखालीच लिहिलं होतं.

"मी उद्या साहेबांकडे जाते," मी म्हटलं.

"नका जाऊ," गणेश पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. "आप्पांना कळंल. गावात पेढं वाटल्यात त्यांनी."

"आणि तुमच्या जागा? आप्पांची जागा?"

"आपमानापरीस पिवळी टोपी बरी."

मला तत्त्वांचा राग येत नाही, दुसऱ्याच्या तत्त्वांचा येतो. मी गेले.

एचआरचे साहेब फार सभ्य गृहस्थ. त्यांच्या केबिनमध्ये 'पीपल आर अवर स्ट्रेंग्थ' अशी फ्रेम होती आणि बाहेर पीपल उभे होते, कारण आत खुर्ची एकच होती. मी त्यांना शून्याचा अर्थ समजावला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, शून्य म्हणजे शून्य. आमच्या पॉलिसीत शून्याचा दुसरा अर्थ नाही."

"कोरा पेपर आहे का?"

त्यांनी काढला. मी म्हटलं, "डोळे मिटा आणि खुणा करा." ते हसले, पण केल्या. माणूस खिलाडू होता, की त्याला दिवसभर दुसरं काम नव्हतं, कोणास ठाऊक. मी तपासलं. साहेबांना डोळे मिटून चोवीस पडले.

"आमच्या आप्पांपेक्षा दोन कमी," मी सांगितलं.

त्यांनी पेपर उलटा करून ठेवला. "म्हणजे मुलांनी मुद्दाम चुकवलं? हे मालप्रॅक्टिस आहे."

"कॉपी करून बरोबर लिहिणं मालप्रॅक्टिस. न कॉपी करता चूक लिहिणं काय?"

त्याला त्यांच्या पॉलिसीत शब्द नव्हता. शब्द नसला की हे लोक बैठक बोलावतात. ठरलं की चौघांची तोंडी परीक्षा घ्यायची, ट्रेनिंग हॉलमध्ये, सगळ्यांसमोर.

मी तिथे मागे उभी होते. साहेबांनी गणेशला उभं केलं आणि विचारलं, "स्टेशनरी, दोन स्पेलिंग, फरक सांग." गणेशने आप्पांकडे पाहिलं आणि खाली मान घातली. साहेब माझ्याकडे बघून हसले. सलीमला उभं केलं. तोही तसाच. वैशाली उभी राहिली तेव्हा तिचे ओठ हलत होते, पण आवाज नाही.

आप्पा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी एकदा गणेशकडे, एकदा सलीमकडे आणि वैशालीच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं. सोळा वर्षं कंपनीत माणसं आणि लहानपणी तळावर मेंढरं ओळखलेला माणूस. त्यांना कळलं. मी ते त्यांच्या पाठीवरून पाहिलं, पाठ हळूहळू ताठ होत गेली.

ते उठले. "म्हंजी माझा पयला नंबर तुमी दिला व्हय मला?"

तिघांनी माना आणखी खाली घातल्या.

"आन् वर माझं पेढंबी खाल्लं?"

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. आप्पांनी तिकडे पाहिलं, हसू थांबलं. मग ते गणेशसमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं मारतात. "गण्या, मुतायला जाताना मला इचारून जातो का रं? बोल. साहेब काय इचारतोय ते बोल. मी सांगतोय, बोल!"

मानाची आज्ञा झाली आणि गणेश बोलायला लागला. स्टेशनरी दोन, प्रिन्सिपल दोन, अफेक्ट, इफेक्ट, वाळवंट आणि जेवणानंतरचं गोड. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून इंग्रजी. मग सलीम, मग वैशाली. पेपरात चुकून बरोबर आलेले ते दोनही शब्द तिने पुन्हा बरोबर सांगितले. साहेबांचे प्रश्न संपले.

"आता तुम्ही," साहेब आप्पांना म्हणाले. आवाजात खरोखर आदर होता, ते नाकारत नाही.

आप्पांनी टोपी डोक्यावर चढवली. "माझा निकाल लागलाय, साहेब. बोर्डावर हाय. पयला. पयल्यानं परत कशाला बसायचं?" आणि ते पंपावर निघून गेले.

तिघं कायम झाले. मी साहेबांशी भांडले. सोळा वर्षं पंप चालवणारा माणूस कच्चा कसा? साहेबांनी मला अतिशय गोड उत्तर दिलं, "मॅडम, एक्स्पीरियन्स आणि एलिजिबिलिटी हे दोन वेगळे शब्द आहेत. तुम्हीच फरक शिकवता ना?"

माझ्या आयुष्यात माझाच माल मला इतक्या चढ्या भावाने कोणी परत विकलेला नाही.

मी पत्रक लिहिलं. वडिलांनी छापून दिलं. मथळा होता, 'सोळा वर्षं कच्चे?' कंत्राटी कामगारांच्या सह्या हव्या होत्या. कुरकुंभच्या फाट्यावर चहाच्या टपरीपाशी उभी राहिले. जो येई तो वाचे आणि विचारे, "आप्पांनी केली का सही?" मी आप्पांकडे गेले. त्यांनी पत्रक हातात घेतलं, अक्षरांवरून बोट फिरवलं.

"छपाई झकास हाय. पन माझ्यासाठी भांडू नका, मॅडम. लई झालं माझ्यासाठी. तिघांनी तोंडं गप ठिवली माझ्यासाठी, आता तुमी उघडताय माझ्यासाठी."

एकही सही मिळाली नाही. गठ्ठा क्लासमध्ये पडून राहिला. खालच्या शेठना टायर गुंडाळायला हवा होता, मी दिला नाही. मला अजून वाटतं, त्या पत्रकातलं एकही वाक्य चूक नव्हतं. एकही उपयोगी नव्हतं, हेही तितकंच खरं.

पुढचं कंपनीच्या फाटकावर घडलं. तिथे दोन फाटकं आहेत. निळ्या टोप्यांचं आधी उघडतं. सगळे कायम कामगार आत गेले, त्यांची हजेरी झाली की मग कंत्राट्यांचं उघडतं, आणि एकेकाचा डबा तपासून आत सोडतात. म्हणजे मान कंपनीलाही कळतो, फक्त ती तो उलटा धरते.

पहिल्या दिवशी तिघं निळ्या टोप्या घालून आले आणि आपल्या फाटकासमोर उभे राहिले. आत जाईनात. वॉचमन म्हणाला, "चलो भाई, पंच करो." ते पलीकडच्या रांगेत बघत होते. आप्पांनी तिकडून हाका मारल्या, "अरं जावा की, येड्यांनो!" तिघं हलले नाहीत. कंत्राट्यांचं फाटक उघडलं, आप्पांचा डबा उघडून पाहिला गेला, आप्पा आत गेले, आणि मग या तिघांनी हजेरी लावली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आप्पांनी लांबून दगड भिरकावला. तो लागला नाही, तिघं हललेही नाहीत. आठवडा संपायच्या आत तिघांना मेमो मिळाले: उशिरा येण्याचं कारण इंग्रजीत द्या.

तिघं माझ्याकडे आले. गणेशने उत्तर लिहून आणलं होतं. आम्ही आमच्या सीनियरसाठी थांबतो, असं एकच वाक्य. मी शिक्षिकेच्या सवयीने पेन उचललं. "सीनियर नाही, गणेश. इथे 'एल्डर' बरोबर. वडीलधारा या अर्थी. सीनियर म्हणजे नोकरीत ज्येष्ठ."

"ठाव हाय," तो म्हणाला. "एल्डर घरात असतो, मॅडम. आप्पा कंपनीत हायत."

मी पेनाचं टोपण लावलं. उत्तर तसंच गेलं.

कंपनीने त्या शब्दावर काही म्हटलं नाही. तिने प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. कंत्राट्यांचं फाटक आता निळ्यांच्या पाव तास आधी उघडायला लागलं. आप्पा आधी आत, तिघं वेळेवर, उशीर संपला. एचआरच्या साहेबांचा वक्तशीरपणाबद्दल कंपनीच्या मासिकात फोटो आला. निळी टोपी घालून. शंभर-सव्वाशे कंत्राटी माणसं मात्र रोज पाव तास आधी यायला लागली, आणि तेवढ्या वेळाची हजेरी कुठेच नव्हती. त्या वेळात त्यांच्याकडून आवार झाडून घेत.

या वेळी आप्पा आपण होऊन जिना चढून आले. बसले नाहीत, पाणी प्यायले नाहीत.

"मॅडम, कागद छापा."

"तुमच्यासाठी?"

"माझ्यासाठी न्हाई. समद्यांच्या पाव तासासाठी. माझा मान राखायला लोकांनी झाडू मारायचा? आसला मान मला नगं."

जुन्या गठ्ठ्याच्या पाठीमागची बाजू कोरी होती. वडिलांनी त्यावरच छापलं, कागद वाया घालवलेला त्यांना आवडत नाही. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर फाट्यावरच्या टपरीच्या बाकड्यावर मी पेन ठेवलं. माणसं भोवती जमली. कोणी पेनाला हात लावला नाही. आप्पा आले, वाकले, जीभ बाहेर काढून एकेक अक्षर कोरत त्यांनी सही केली. इंग्रजीत. स्पेलिंग चुकलं होतं, मी बोलले नाही.

त्यानंतर जे झालं ते मी पत्रकांत वाचलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. आप्पांची सही झाल्यावर मागे राहायची कोणाची टाप? रांग रस्त्यापर्यंत गेली. लोक आपसांत वय विचारून पुढे-मागे होत होते, "मामा, तुमी आदी," "न्हाई, तू म्होरं हो, तुझी दोन वर्सं जास्ती," असं चाललेलं. ज्याला मी सरंजामशाहीची शेपटी म्हटलं होतं, तिला धरून अख्खं कंत्राट चालत आलं. तीन निळ्या टोप्या सगळ्यात शेवटी होत्या, कारण वयाने तेच लहान. कायम माणसाने कंत्राट्यांच्या कागदावर सही करण्यात काय जोखीम असते ते त्यांना माहीत होतं. वैशालीने सही केली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसली.

फाटकाची वेळ पहिल्यासारखी झाली. आप्पांची टोपी अजून पिवळी आहे, त्यासाठी तिसऱ्या पत्रकाचा मसुदा वडिलांकडे गेला आहे. तिघं पुन्हा रोज फाटकाबाहेर थांबतात, त्यामुळे मेमोही पुन्हा सुरू झालेत. उत्तरं आता ते माझ्याकडे आणत नाहीत, स्वतःच लिहितात. साहेब म्हणतात, एकही स्पेलिंग चुकत नाही.